रेसलिंग गेममध्ये स्वतःचा पैलवान बनवायचाय? मग चेहरा सगळ्यात शेवटी

पहिल्यांदा कस्टम रेसलर बनवायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचं हेच होतं. मेनू उघडला की थेट चेहऱ्यावर उडी. नाक थोडं रुंद, डोळे जरा आत, भुवया जाड, हनुवटी पुढे, नको परत मागे, असं करत रात्रीचा दीड वाजतो, मग झोप अनावर झाली म्हणून कपडे पटापट, मूव्ह्ज कुणाच्यातरी आख्ख्या कॉपी, सेव्ह, आणि दुसऱ्या दिवशी मॅच लावली की कळतं की कॅमेरा एवढ्या लांब असतो की त्या नाकाचं काहीच दिसत नाही. दिसतं काय तर एक पुतळा, जो चालतो एकासारखा, मारतो दुसऱ्यासारखा आणि ज्याचा आपल्या डोक्यातल्या माणसाशी काडीचा संबंध नाही. मी पण हेच केलंय, एकदा नाही, चारपाचदा. म्हणून इथे सगळं उलट्या क्रमाने सांगतोय. आधी माणूस कोण ते ठरवा, मग अंग, मग डाव, मग आकडे, मग एंट्री, आणि चेहरा अगदी शेवटी.

उदाहरणाला डब्ल्यूडब्ल्यूई २के मालिका घेतोय, म्हणजे २०२२ साली आलेल्या २के२२ पासून पुढचे भाग. दरवर्षी मेनू इकडचा तिकडे करतात पण आतला मसाला तोच असतो. क्रिएशन्स नावाच्या भागात गेलात की सुपरस्टार, एंट्री, मूव्ह-सेट (म्हणजे डावांचा संच), अरेना, बेल्ट असं सगळं वेगवेगळं बनवता येतं. नेटवर लोक अशा बनवलेल्या रेसलरला 'कॉ' म्हणतात, क्रिएट अ रेसलर याचं ते लघुरूप, तेव्हा कुणी 'माझा कॉ बघ' म्हणालं तर दचकू नका.

एक सांगून ठेवतो, हे काही नवीन फॅड नाही. आम्ही प्लेस्टेशन २ वर २००३ चा 'हिअर कम्स द पेन' खेळायचो, तोही गेम पार्लरमध्ये, तासाचे पैसे मोजून, आणि त्यात एक मित्र अख्खा तास रेसलर बनवण्यात घालवायचा आणि मेमरी कार्ड पार्लरवाल्याचं, त्यामुळे पुढच्या रविवारी कुणीतरी त्याच्यावरच दुसरा सेव्ह केलेला असायचा. तरी परत बनवायचा. त्या मानाने आज आपण सुखात आहोत.

आधी एक ओळ लिहा, मग कंट्रोलर हातात घ्या

खरंच लिहा, वहीत, मोबाइलच्या नोट्समध्ये, कुठेही. हा माणूस कोण आहे ते एका ओळीत. 'डेंजर आणि कूल' ही ओळ नाही चालणार, त्यातून काहीच निघत नाही. माझ्या सगळ्यात जमलेल्या कॉची ओळ अशी होती: तालमीतला वस्ताद, वय पंचेचाळीस, उजवा गुडघा गेलेला, पण एकदा पकडलं की सोडत नाही.

आता बघा या एका ओळीतून किती गोष्टी आपोआप ठरल्या. वय पंचेचाळीस म्हणजे सिक्स पॅक नकोत, केस पिकलेले पाहिजेत. गुडघा गेलेला म्हणजे वरच्या दोरावरून उड्या बंद, पळणं कमी. पकड सुटत नाही म्हणजे मनगटं जाड, मान जाड, ग्रॅपलचे म्हणजे धरपकडीचे आकडे वर. तालमीतला म्हणजे अंगाला माती आणि पायात बूट नाहीत. पुढे प्रत्येक मेनूत पन्नास पर्याय समोर येतात आणि माणूस गोंधळतो, तेव्हा या ओळीकडे बघायचं, ओळीला जे धरून आहे ते घ्यायचं, बाकी कितीही भारी दिसलं तरी सोडायचं. माझ्याकडून हे शेवटचं होत नव्हतं, प्रत्येक कॉला काळा लेदर कोट घालायचा मोह व्हायचा, वस्तादला सुद्धा एकदा घातला होता, मग स्वतःलाच हसू आलं.

बाय द वे, खाशाबा जाधवांना गेममध्ये आणायची कल्पना पण मस्त आहे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात ब्राँझ मिळवणारा आपला माणूस, अंगाने लहानखुरा, चपळ. तो बनवायचा तर सगळंच उलटं होईल, वजन कमी, वेग जास्त, स्टॅमिना भरपूर. पण खऱ्या माणसाला बनवताना चेहरा जुळला नाही की जीव खट्टू होतो, म्हणून पहिला कॉ आपल्या मनातलाच बनवा.

अंग: लांबून ओळखू आलं पाहिजे

उंची आणि वजनाचा गट आधी ठरवा, नंतर बदलायला गेलात तर बाकीची मापं परत बघावी लागतात. गट नुसता नावाला नाही. कोण कुणाला उचलू शकतो हे बरंचसं त्यावर आणि ताकदीच्या आकड्यावर ठरतं. हलक्या गटातला पोरगा सुपर हेवीवेटला खांद्यावर घ्यायला गेला तर तो तिथेच कुंथत बसतो, मूव्ह लागतच नाही, आणि नवीन माणसाला वाटतं गेम बिघडला. वस्तादला मी हेवीवेट ठेवला, उंची पाच फूट नऊ इंच. बुटका हेवीवेट म्हणजे आपोआप रुंद दिसतो, आणि तसाच पाहिजे होता.

मग बॉडीचे स्लायडर, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवून मापं बदलायच्या पट्ट्या. इथे नवीन लोक दंड, छाती, खांदे सगळं उजवीकडे टोकाला नेऊन ठेवतात. तसं करू नका, दोन कारणं. एक, सगळंच मोठं केलं की काहीच मोठं दिसत नाही. दोन, अ‍ॅनिमेशन सरासरी अंगासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे दंड फार फुगवले की हेडलॉक लावताना समोरच्याचं डोकं तुमच्या रेसलरच्या दंडात घुसतं, बघायला विचित्र. दोन-तीनच जागा निवडा आणि तिथे जोर द्या. पैलवानासाठी त्या जागा म्हणजे मान, मनगट ते कोपर आणि मांड्या. मान तर खांद्यात मिसळलेली पाहिजे, मागून बघितलं तर डोकं थेट पाठीवर ठेवल्यासारखं. पोटाची स्नायूरेषा दाखवणारा स्लायडर मी जवळजवळ शून्यावर आणला, कंबर थोडी वाढवली, आणि तेवढ्यानेच तो जिममधला पोरगा न वाटता जोर-बैठका मारून, दूध-तूप खाऊन झालेला माणूस वाटायला लागला.

हे जमलं का बघायची एक सोपी ट्रिक आहे. स्क्रीनपासून सात-आठ फूट मागे जा आणि डोळे किलकिले करा. नुसत्या आकारावरून माणूस कसा आहे ते कळतंय का? कळत असेल तर पुढे जा.

कपडे आणि लाल माती

कपड्यांवर फार वेळ घालवणार नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या आवडीचं आहे. एक मात्र लक्षात ठेवा, ट्रंक किंवा पँट निवडली की रंग बदलून थांबू नका, कापडाचा प्रकार पण बघा. बऱ्याच वस्तू चकचकीत येतात आणि लाइट पडला की प्लॅस्टिकसारख्या दिसतात. लंगोट काही मेनूत नाही, पण छोटी ट्रंक घेऊन, साधं सुती कापड लावून, विटकरी रंग दिला की लांबून काम भागतं. गुडघ्याचं पॅड फक्त उजव्या पायाला, ती ओळ आठवतेय ना. पाय अनवाणी. रिंगमधला वेष आणि एंट्रीचा वेष वेगळे ठेवता येतात, एंट्रीला सैल पांढरा शर्ट दिला.

आता माती. ही सगळ्यात मजेशीर गोष्ट आहे आणि यातून कस्टम इमेजचं सगळं तंत्र कळतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. २केच्या साइटवर लॉगिन करून स्वतःची चित्रं चढवता येतात आणि मग ती गेममध्ये उतरवून कपड्यावर, अंगावर, बेल्टवर, अरेनाच्या फरशीवर कुठेही लावता येतात. मी आधी नेटवरून चिखलाचा फोटो घेतला होता, तो अंगावर लावल्यावर वस्ताद कुजलेला दिसत होता, झोंबी. मग घरात गणपतीच्या वेळचा गेरू पडला होता तो पाण्यात कालवला, पांढऱ्या कागदावर अंगठ्याने फरफटत ठसे उमटवले, वाळल्यावर खिडकीजवळ ठेवून फोनने फोटो काढला. मग एका फुकट अ‍ॅपमध्ये पांढरी पार्श्वभूमी काढून टाकली आणि पीएनजी म्हणून सेव्ह केली. पीएनजीच पाहिजे, कारण जेपीजीमध्ये पारदर्शक भाग राहत नाही आणि अंगावर चौकोनी पांढरा कागद चिकटवल्यासारखं दिसतं. माप साइटवर दिलेलं असतं त्याच मापाची चौकोनी इमेज करा, नाहीतर ती घेत नाही.

गेममध्ये आल्यावर ती टॅटूसारखी लावायची. एकच मोठा ठसा करून अख्ख्या पाठीवर पसरवला तर साडीची प्रिंट वाटते, त्यापेक्षा तीन-चार छोटे ठसे घ्या, प्रत्येक वेगळ्या कोनात फिरवा, एक खांद्यावर, एक पाठीच्या मध्यावर, दोन नडग्यांवर, आणि सगळ्यांचा गडदपणा कमी करा, म्हणजे खालची कातडी दिसली पाहिजे. आखाड्याची माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते, तिचा रंग केशरीकडे झुकतो, तपकिरी नाही, हे रंग निवडताना ध्यानात ठेवलं आणि एकदम फरक पडला. किती थर लावता येतील याला मर्यादा असते, तेव्हा सगळे थर मातीतच संपवू नका, छातीवरचे केस आणि जखमांचे व्रण यांनाही जागा लागते.

हे सगळं एडिटरच्या मऊ उजेडात छान दिसतं आणि मोठ्या अरेनाच्या लाइटमध्ये वेगळंच. माझी माती एडिटरमध्ये परफेक्ट होती आणि मॅचमध्ये वस्तादला कांजिण्या झाल्यासारखं दिसत होतं. म्हणून थोडं करा, मॅच लावून बघा, परत या, पुन्हा करा.

डाव: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते कॉ म्हणजे त्याचा मूव्ह-सेट, बाकी सगळं नटवणं. तरीही नवीन माणूस इथे सगळ्यात कमी वेळ देतो, कारण यादी बघूनच घाम फुटतो. उभ्याने हलका ग्रॅपल, जोराचा ग्रॅपल, मागून, कोपऱ्यात, जमिनीवर डोक्याकडून, पायाकडून, दोरीवरून, पळताना, रिंगच्या बाहेर, शेकड्याने जागा भरायच्या असतात. सगळ्या स्वतः भरायच्या नाहीत! आधी आपल्या माणसाच्या जवळ जाणाऱ्या एखाद्या तयार रेसलरचा सेट पाया म्हणून घ्यायचा आणि त्यातल्या फक्त तीस-चाळीस जागा बदलायच्या.

पाया कुणाचा घ्यायचा यात खरी गंमत आहे. पैलवान बनवताय तर ज्यांचं मूळ खऱ्या कुस्तीत आहे त्यांच्याकडे बघा. चॅड गेबल २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन खेळलेला आहे, ब्रॉक लेसनर २००० साली अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा हेवीवेट चॅम्पियन, कर्ट अँगलने तर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलचं गोल्ड मारलंय. जो ज्या भागात असेल त्याचा घ्या. वस्तादसाठी मी गेबलचा घेतला आणि त्यातून उड्या काढून टाकल्या.

मग बदल. इथे आपल्याला एक फायदा आहे जो परदेशी पोरांना नाही, आपल्या कानावर डावांची नावं पडलेली असतात. एकेरी पट आणि दुहेरी पट म्हणजे पाय धरून खाली आणणं, ते टेकडाउन म्हणून यादीत आहेत, पळतानाच्या आणि हलक्या ग्रॅपलच्या जागेत टाका. धोबीपछाड म्हणजे समोरच्याचा हात खांद्यावरून ओढून धुणं आपटल्यासारखा आपटायचा, त्यासाठी आर्म ड्रॅग, हिप टॉस, जुडो थ्रो या जातीच्या मूव्ह्ज शोधा. आणि कलाजंग, समोरच्याच्या खाली शिरून त्याला खांद्यांवर आडवा घेऊन टाकणं, त्याला तिकडे फायरमन्स कॅरी म्हणतात. जॉन सीनाचा फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा खास डाव, ज्या पकडीतून सुरू होतो ना, तीच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उडालोच होतो, लहानपणापासून टीव्हीवर बघत होतो आणि गावच्या जत्रेतल्या मैदानात पण बघत होतो, पण दोन्हीची सांगड कधी घातली नव्हती.

घिस्सा मात्र कुठेच सापडला नाही. जमिनीवर उपड्या पडलेल्याला लांग धरून पलटवणं यांच्या शोमध्ये कुणी करत नाही, करणार पण नाही.

ठोसे काढून टाका, कुस्तीत ठोसा नसतो. पण गेममध्ये हलक्या हल्ल्याचं बटण मोकळं ठेवता येत नाही, काहीतरी द्यावंच लागतं, तर मी तिथे थपडा आणि कोपराचे वार दिले. वस्ताद म्हटल्यावर थप्पड आलीच.

सिग्नेचर (रेसलरचा ओळखीचा डाव) आणि फिनिशर निवडताना दिसणं बघायच्या आधी जागा बघा. दोन फिनिशर देता येतात, ते दोन्ही समोरून उभ्याने लागणारे देऊ नका. एक समोरून, एक मागून किंवा जमिनीवर पडलेल्यावर, म्हणजे मॅचमध्ये समोरचा कसाही सापडला तरी एक तरी हाताशी असतो. आणि मूव्ह संपल्यावर समोरचा कुठे पडतो तेही बघा, लांब फेकणारा फिनिशर दिसायला झकास पण तुम्ही जाऊन पिन करेपर्यंत तो शुद्धीवर. आपल्याकडे दोन्ही खांदे टेकले की चितपट, विषय संपला, इथे तीन मोजेपर्यंत दाबून धरायचं असतं, तेव्हा मोळी बांधल्यासारखं गुंडाळून थेट पिनमध्ये संपणारी एक मूव्ह सिग्नेचरला ठेवा, पैलवानाला ती शोभते.

टॉन्टमध्ये, म्हणजे समोरच्याला डिवचायच्या हावभावात, शड्डू हवा होता. मांडीवर थाप मारून दंड थोपटणारा तसा नेमका मला काही मिळाला नाही, छातीवर हात मारणारा एक घेतला आणि गप्प बसलो.

आकडे: ट्रम्प कार्ड आठवा

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्ड खेळला असाल तर हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. जायंट गोन्झालेसचं कार्ड आलं की 'हाइट!' म्हणून ओरडायचं, योकोझुना आला की 'वेट!', पण एकाच कार्डात सगळं भारी असं कधीच नसायचं, मजाच त्यात होती. इथे नवीन माणूस सगळे आकडे ९५ करतो, ओव्हरऑल, म्हणजे सगळ्यांचा मिळून आकडा, आकाशाला भिडतो आणि चार मॅचमध्ये कंटाळून कॉ डिलीट करतो, कारण हरायची भीतीच नाही.

वस्तादचे माझे आकडे देतो, अंदाज येईल. ग्रॅपल ऑफेन्स ९२, स्ट्रेंग्थ ८८, पॉवर सबमिशन ८६. मूव्हमेंट स्पीड ५५, स्टॅमिना ६२, हवेतल्या उड्यांचे दोन्ही आकडे ४५. आणि पायांची टिकाऊ क्षमता, म्हणजे लेग्ज ड्युरेबिलिटी, ती ५० वर. या शेवटच्या आकड्याने कमाल केली. समोरचा पायावर हल्ला करायला लागला की वस्तादची पंचाईत होते आणि मी खरंच गुडघा वाचवत खेळायला लागतो, म्हणजे आपण लिहिलेली ती ओळ मॅचमध्ये जिवंत होते.

पेबॅक नावाचा प्रकार आहे, अडचणीत सापडल्यावर वापरायची खास युक्ती, तीही माणसाच्या स्वभावाप्रमाणे द्या. लो ब्लो, म्हणजे कमरेखालचा वार, वस्ताद कधी मारणार नाही, तोंडातून रंगीत फवारा उडवणं तर सोडाच. मी पॉसम दिला, त्यात रेसलर बेशुद्ध पडल्याचं नाटक करतो आणि जवळ आलेल्याला धरतो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढा कावेबाजपणा माफ आहे.

एंट्री

पटकन उरकतो. आधी चाल निवडा, गाणं नंतर. स्टेजवर येणं, रॅम्पवरून चालणं, रिंगमध्ये शिरणं, आतला पोझ, हे तुकडे वेगवेगळ्या रेसलरचे जोडता येतात, आणि जोडताना चालीचा वेग सारखा ठेवा नाहीतर माणूस स्टेजवर लंगडत आणि रॅम्पवर नाचत येतो. आग, फटाके, धूर, सगळं बंद केलं तरी चालतं, उलट जरा वेगळं दिसतं. गाणं गेममध्ये दिलेल्यातूनच घ्यावं लागतं, कन्सोलवर स्वतःचं टाकता येत नाही, त्यामुळे हलगीचं स्वप्न सोडा. मी नुसत्या जड ड्रमचं एक निवडलं.

नावाचं पण असंच. स्क्रीनवर दिसणारं नाव हवं ते टाइप करता येतं, इंग्रजी अक्षरात, पण निवेदक जे तोंडाने म्हणणार ते तयार यादीतून घ्यावं लागतं आणि त्या यादीत आपली नावं शोधण्यात रात्र घालवू नका. जवळपासचं टोपणनाव घ्या.

आता चेहरा

इथपर्यंत आलात म्हणजे माणूस तयार आहे, त्याला फक्त तोंड पाहिजे. दोन रस्ते. एक, तयार चेहऱ्यांतून जवळचा घेऊन स्लायडरने बदलायचा. दोन, फोटो चढवायचा.

फोटोचा रस्ता सोपा वाटतो पण त्यात फसायला होतं. सरळ समोरून, दिवसाच्या पसरट उजेडात, केस कपाळावरून मागे, चश्मा काढून, न हसता काढलेला फोटो लागतो. एका बाजूला सावली असेल तर ती सावली चेहऱ्यावर कायमची छापली जाते आणि अरेनात लाइट कुठूनही आला तरी अर्धं तोंड काळंच. माझ्या भावाने कंटाळा केला आणि आधार कार्डाचाच फोटो लावला, रिंगमध्ये जो काय अवतार उतरला तो बघून आम्ही दोघं दहा मिनिटं हसत होतो. दुसऱ्या कुणाचा फोटो चढवत असाल तर त्याला विचारून चढवा, हे वेगळं सांगायला नको.

फोटो लावला तरी कवटीचा आकार तुम्हालाच द्यावा लागतो. आधी जबडा आणि गालाची रुंदी, मग डोळ्यांमधलं अंतर, मग नाक, आणि बाजूने वळवून बघायला विसरू नका, समोरून भाऊ दिसणारा माणूस बाजूने इस्त्री केल्यासारखा सपाट असतो. मी वस्तादला फोटो लावलाच नाही. जास्तीचा वेळ कानाला दिला. वर्षानुवर्षं डोकं घासून पैलवानांचे कान मोडतात, कोबीच्या गड्ड्यासारखे होतात, तालमीत तीच ओळख. कानाचे स्लायडर वापरून ते जाड, आखूड आणि डोक्याला चिकटलेले केले, दोन्ही सारखे नाही, डावा थोडा जास्त. हो, मीच वर म्हणालो की कॅमेरा लांब असतो, पण एंट्रीत आणि रिप्लेत कॅमेरा जवळ येतो आणि तेव्हा लोक विचारतात याचे कान असे का.

सेव्ह, आणि मग दोन मॅच स्वतः न खेळता

सेव्ह दर दहा मिनिटांनी. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, एकदा दोन तासांचं काम गेलं, इन्व्हर्टरवर टीव्ही होता आणि कन्सोल नव्हता. त्या दिवसापासून अंग झालं की सेव्ह, माती झाली की सेव्ह. मोठा बदल करायच्या आधी एक कॉपी काढून ठेवायची, बिघडलं तर जुना आहे.

तयार झाला की दोन्ही बाजू कॉम्प्युटरला द्या आणि चहा घेऊन बघत बसा. पहिली मॅच हलक्या चपळ माणसाशी, दुसरी एखाद्या महाकायाशी. माझ्या पहिल्या मॅचमध्ये तिसऱ्याच मिनिटाला वस्ताद, गुडघा गेलेला वस्ताद, टर्नबकलवर, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यावर, चढला आणि उडी मारली. झालं होतं काय, मी डावांच्या यादीतून उड्या बदलल्या होत्या पण कॉम्प्युटरने त्याला कसं चालवायचं त्या एआयच्या पानावर गेलोच नव्हतो, तिथे अजून सगळं पायाच्या रेसलरसारखंच होतं. तिथे उड्या तळाला, ग्रॅपल वर केलं. दुसऱ्या मॅचमध्ये कलाजंगाला महाकाय उचललाच गेला नाही, ते अपेक्षितच होतं, म्हणून जड माणसांसाठी एक न उचलता लागणारा फिनिशर दुसऱ्या जागी ठेवला.

या एआयच्या प्रकाराचं वेड लागलं तर 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड' बघा. ग्राफिक्स जुन्या गेमसारखे सपाट, पण समोरच्याला कमी मार लागलाय, मध्यम लागलाय, जास्त लागलाय अशा प्रत्येक वेळी तुमचा रेसलर कुठला डाव किती टक्के वेळा टाकेल हे आकड्यात भरता येतं. काही लोक त्यात स्वतः खेळतच नाहीत, नुसते बघतात. आणि नुसता मोबाइल असेल तर 'रेसलिंग एम्पायर' आहे, ओबडधोबड आहे, माणसं बाहुल्यांसारखी हलतात, पण अंग-डाव-चेहरा हा क्रम तिथेही चालतो आणि सराव फुकट जात नाही.

लोकांना द्यायचा असेल तर

कम्युनिटी क्रिएशन्समधून कॉ चढवता येतो, आणि एकाने प्लेस्टेशनवर बनवलेला दुसऱ्याला एक्सबॉक्सवरही उतरवता येतो. टॅग नीट द्या, नुसतं 'न्यू' देऊन कुणाला सापडणार? पैलवान, इंडिया, कुस्ती असं शोधणाऱ्याच्या डोक्यात येईल ते इंग्रजी अक्षरात द्या. दुसऱ्याचा कॉ उतरवून थोडा बदलून चढवणार असाल तर मूळ कुणाचा ते लिहा. शिकायचं असेल तर चांगले कॉ उतरवून एडिटरमध्ये उघडा आणि एकेक थर बंद करून बघा, कुणी दाढी कशी केलीय, व्रण कसा दिलाय, सगळं उलगडतं.

फक्त एक ध्यानात ठेवा, पुढच्या वर्षीच्या गेममध्ये हा कॉ आपोआप येत नाही आणि जुन्या गेमचे सर्व्हर काही वर्षांनी बंद होतात. म्हणून प्रत्येक स्लायडरच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि चढवलेल्या इमेजेस स्वतःकडे जपा. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात वस्तादची दोन पानं आहेत, मानेचा आकडा तीनदा खोडलेला, आणि मध्ये तो गेरूचा कागद घडी करून ठेवलाय, त्यामुळे दोन्ही पानं आता केशरी झालीत.